आधी तिच्या सरांना विचारा

मुलीची कराटेची ब्लॅक बेल्टची परीक्षा महिन्यावर आलीये, बेल्टवर नाव धाग्याने भरून यायला वेळ लागतो, म्हणून बेल्ट आत्ताच मागवू का, असं विचारलंत. माझं म्हणणं, सरांना विचारल्याशिवाय नको. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८३ साली पहिली ‘दान’ पदवी, म्हणजे आजच्या ब्लॅक बेल्टची श्रेणी, शिष्यांना दिली, कराटेचे गुरू गिचिन फुनाकोशी यांनी १९२४ मध्ये ती पद्धत कराटेत आणली. ही पदवी गुरू देतो, म्हणून तिचा पट्टाही गुरूच्या हातून घ्यायचा असतो, पैसे कुणी का भरेनात.

माझ्या मुलाचा ग्रीन बेल्ट मी हौसेने आधीच आणून कपाटात लपवला होता. त्याला तो सापडला. रोज संध्याकाळी आरशासमोर बांधून बघायचा. ग्रेडिंगला, म्हणजे पट्ट्याच्या परीक्षेला, काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) मध्येच विसरला आणि सरांनी त्याला थांबवलं. पुढचे तीन महिने तो पट्टा घरातच होता आणि पोरगा ते कपाट उघडायला तयार नव्हता. ती चूक माझी होती, अजून लागते मनाला.

काही क्लासमध्ये सर स्वतःच आधी ऑर्डर द्यायला सांगतात, तेव्हा खुशाल द्या. फक्त पार्सल थेट सरांकडे जाऊ दे आणि मुलीला त्यातलं काही कळू देऊ नका.