मेंढा घेताना नाक बघायचं की लेंडी?

माळरान: माडग्याळ मेंढ्याचं नाक किती बाकदार, यावर लाखांच्या बोल्या लागतात. त्याची कोकरं जंताला किती टिकतील, हे कुणी विचारत नाही. लेंडीतली जंताची अंडी मोजल्याशिवाय मेंढा पैदाशीला ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. रक्त पिणाऱ्या हिमॉन्कस जंताची एक मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते. पण कळपातल्या थोड्याच मेंढ्या त्यातली बहुतेक अंडी रानात पसरवतात. हा फरक काही अंशी वारशानं उतरतो. ऑस्ट्रेलियात मेरिनो जातीचे मेंढे असे निवडतात. राजस्थानात अविकानगरला मालपुरा मेंढ्यांवर हे काम झालंय.

वाघूर: मेंढरांच्या वाड्यावर चार मेंढे एकत्र सोडलेले, कोकराचा बाप कोण हेच कळत नाही. दिवाळीनंतर कोकणात, पावसाआधी परत. लेंडी तपासायला कुठं न्यायची? खाटीक वजनावर पैसे देतो. बंगालची गरोळ मेंढी जंताला चिवट म्हणतात, पण ती १५ किलोही भरत नाही. तिच्यावर घर चालतं का?

माळरान: गरोळ आणा असं म्हटलंच नाही. तरी फलटणच्या निंबकर संस्थेनं गरोळचा जुळ्यांचा गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणलाच, बांधा दख्खनीचा राखून.

गुरांचा डॉक्टर: ही तुलना चुकीची आहे. जुळ्यांचा गुण एका जनुकावर आहे, रक्त तपासून कळतो. जंताला तोंड देण्यामागे अनेक जनुकं असतात, पिढ्या जातात. आणि सगळ्या कळपाला सरसकट औषध पाजलंत तर लेंडीत फरक दिसणार कसा? वर औषधाला न मेलेले जंतच पुढं वाढतात. दक्षिण आफ्रिकेत डोळ्याच्या खालच्या पापणीचा आतला रंग तक्त्याशी ताडून फक्त फिकट पडलेल्यांना औषध देतात. आधी एवढं करा. वारंवार फिकट पडणारीची कोकरं पैदाशीला ठेवू नका.

वाघूर: हे पटतं, प्रयोगशाळा लागत नाही. पण व्यायलेल्या मेंढीला पापणी पांढरी होईपर्यंत मी औषधावाचून थांबवणार नाही.

गुरांचा डॉक्टर: थांबवू नकाच. व्याल्यावर जंताला तोंड द्यायची तिची ताकद कमी पडते, अंडी वाढतात.

माळरान: मग प्रश्न पैदाशीच्या नरांपुरताच उरला. चार मेंढे, लेंडीचे चार नमुने. भादव्यात, औषध पाजण्याआधी.

वाघूर: नमुने देईन. पण अंडी जास्त आणि वजनही जास्त, असा मेंढा निघाला तर मी तो काढणार नाही.