डोक्याला पट्टा की दंडाला? नागपूरच्या पोरांनी नेमकं काय बनवावं

सोल्डरिंगवाला

कॉलेजच्या टेक फेस्टमध्ये हल्ली एक स्टॉल ठरलेला असतो. कपाळाला मेंदूचे सिग्नल वाचणारा पट्टा बांधलेला पोरगा, टेबलावर छोटी गाडी आणि भोवती "मनानं चालून राहिली बे!" म्हणणारी गर्दी. अशा काही टीम आता स्टार्टअप काढायच्या बेतात आहेत, आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून त्यांना कोचिंग क्लास दिसून राहिले. नीट-जेईईच्या पोरांच्या डोक्याला पट्टा आणि आईवडिलांच्या मोबाइलवर 'आज लक्ष किती टक्के' हा आकडा.

माझं म्हणणं असं की अंगावर घालायच्या यंत्रांचे स्टार्टअप नागपुरात जरूर निघावेत, पण त्यांनी दंडापासून सुरुवात करावी. कपाळाचा नाद सोडावा.

कारण सिग्नल. कवटीवरून मिळणारा ईईजी, म्हणजे मेंदूचा विजेचा सिग्नल, दहा ते शंभर मायक्रोव्होल्टचा असतो. स्नायूचा विजेचा सिग्नल, म्हणजे ईएमजी, त्याच्या कितीतरी पट मोठा, मिलिव्होल्टपर्यंत जातो. हान्स बर्गर यांनी माणसाचा पहिला ईईजी 1924 साली नोंदवला. शंभर वर्षं झाली, कवटीचं हाड मधे आहे ते आहेच. भिंतीपलीकडून वरात चालली हे ऐकू येतं, नवरदेवाच्या मनात काय चाललंय ते थोडीच ऐकू येतं? शिवाय पापणी लवली की तिचा सिग्नल मेंदूच्या सिग्नलला झाकून टाकतो. स्टॉलवरच्या बऱ्याच गाड्या पापणीनं किंवा दात आवळून चालतात. बनवणाऱ्याला ते माहीतही असतं.

आता हात गेलेला माणूस घ्या. मळणी यंत्र, कडबा कुट्टी, एमआयडीसीतला पॉवर प्रेस. कोपराखाली हात गेला तरी उरलेले स्नायू मेंदूचा हुकूम ऐकतच असतात. मूठ वळायची म्हटली की आवळतात. त्यावर सिग्नल टिपणारे दोन-तीन इलेक्ट्रोड बसवले की कृत्रिम मूठ उघडते, मिटते. हेही मनानंच चालतं ना? मोठ्या पैशानंसुद्धा हाच रस्ता धरला. मनगटावरून स्नायूंचे सिग्नल वाचणारी सीटीआरएल-लॅब्स ही कंपनी फेसबुकनं 2019 मध्ये विकत घेतली आणि 2025 मध्ये मेटानं (फेसबुकचंच नवं नाव) चष्म्यासोबत तसाच मनगटी पट्टा बाजारात आणला.

बोला.

फंडिंग_फुटाळा

भाऊ, भावना ठीक आहेत, हिशेब कुठे आहे? दंडाचा पट्टा म्हणता तर थालमिक लॅब्सचा मायो आठवा. कोपराखाली बांधायचा, ईएमजीवरच चालायचा, व्हिडिओ बघून जग वेडं झालं होतं. 2018 मध्ये कंपनीनं तो बंद केला. सिग्नल चांगला असला म्हणून धंदा चालत नाही.

कृत्रिम हात वैद्यकीय उपकरणात मोडतो. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स 2017, सीडीएससीओ (केंद्राची औषध-उपकरणांना मंजुरी देणारी यंत्रणा), चाचण्या, कागदपत्रं. तोवर पोट्ट्यांच्या घरचे "नोकरी कधी करशील" विचारून विचारून थकतील. हात गेलेला शेतमजूर पैसे देणार नाही, सरकारी टेंडरचं बिल कधी निघेल देव जाणे. कोचिंगवाला महिन्याच्या महिन्याला देतो. आधी पट्टा विका, त्या पैशावर पुढे हात बनवा. चीनच्या ब्रेनकोनं दोन्ही केलंच ना? डोक्याचा पट्टाही त्यांचा आणि स्नायूंवर चालणारा हातही त्यांचाच.

सोल्डरिंगवाला

ब्रेनकोचं नाव घेतलंत तर पूर्ण घ्या. 2019 मध्ये झेजियांग प्रांतातल्या जिन्हुआच्या एका प्राथमिक शाळेत त्यांचे पट्टे मुलांच्या डोक्याला बांधले होते. कपाळावर रंगीत दिवा, कोण लक्ष देतंय ते मास्तरला लांबूनच दिसावं म्हणून. अहवाल पालकांकडे. चित्रफीत बाहेर आली तसा चीनमध्येच इतका गदारोळ झाला की शाळेला ते थांबवावं लागलं. आणि त्यांचं नाव आज कशासाठी घेतलं जातं? हातासाठी. म्हणजे माझंच म्हणणं झालं की.

तर्री_जास्त

मी रिपीटर आहे, दोन ओळी लिहून जातो. पट्टा आला तर आमच्या बॅचचे पोट्टे त्याला आठवड्यात गंडवतील. डोळे मिटून शांत बसलं की मेंदूची अल्फा नावाची लहर वाढते, ते पुस्तकातच आहे. दात आवळले की वरच्या फ्रिक्वेन्सीत कचरा भरतो आणि अ‍ॅप म्हणतं वा, काय फोकस आहे. ऑरगॅनिक केमिस्ट्री येवो न येवो, दात आवळता येतात सगळ्यांना.

मानेवाड्याची_आई

तुम्हा सगळ्यांना हे हसण्यावारी नेणं सोपं आहे. माझा मुलगा अकरावीत आहे. फीसाठी एफडी मोडली. तो दार लावून पाच तास बसतो, आत अभ्यास करतो की मोबाइल बघतो, मला काय कळणार? सारखं दार वाजवलं तर भांडणं होतात. घड्याळ झोप मोजतं, पावलं मोजतं, हृदयाचे ठोके मोजतं, तेव्हा कुणाला हेरगिरी वाटत नाही. डोक्याला बांधलं की लगेच हेरगिरी? शंभर टक्के बरोबर नसेल. घड्याळाची झोप तरी कुठे बरोबर असते? अंदाज आला तरी मला पुरे.

ईईजी_ताई

मी रामदासपेठेत ईईजी काढते. रोजचं काम आहे, म्हणून थोडं सांगते.

पेशंटला आदल्या दिवशी आम्ही सांगतो, डोकं धुऊन या, तेल लावू नका. तरी निम्मे जण चप्प तेल लावून येतात, कारण दवाखान्यात जायचं म्हणजे नीटनेटकं जायचं. मग घासून पुसून, पेस्ट लावून वीसेक इलेक्ट्रोड बसवायचे. पेशंट पडून, खोली शांत. एवढं करूनही मे महिन्यात एसी बंद पडला की घामानं सगळ्या रेषा संथ लाटेसारख्या वरखाली डोलायला लागतात. आणि तुम्ही कोरडे दोन-चार इलेक्ट्रोड घेऊन कुलर लावलेल्या क्लासरूममध्ये मुलाचं 'लक्ष' मोजणार? मानेवाड्याच्या ताई, राग मानू नका, पण तुमच्या मोबाइलवर येणारा आकडा हा अंदाजसुद्धा नसेल. घड्याळ ठोके मोजतं कारण ठोका ही एक ठरलेली गोष्ट आहे. 'लक्ष' नावाची एकच लहर मेंदूत नसते. प्रत्येक कंपनी आपलं सूत्र बसवते आणि त्याला लक्ष म्हणते.

पण सोल्डरिंगवाले दादा, कपाळाचा नाद सोडा हे मला पटलं नाही. आमचं साधं रेकॉर्डिंग वीस-तीस मिनिटांचं असतं. फिट येणाऱ्या मुलाला नेमकी त्याच वेळेत फिट येत नाही. रिपोर्ट नॉर्मल, आई रडकुंडीला. घरी दोन-तीन दिवस घालून राहता येईल असं हलकं, धुता येईल असं काही कुणी बनवलं तर गोंदिया-गडचिरोलीहून येणाऱ्यांचे हेलपाटे वाचतील. हे काम कपाळावरचंच आहे.

वकील_सिव्हिल_लाइन्स

कायद्याचं कुणी बोललं नाही, म्हणून.

मेंदूच्या सिग्नलवरून माणसाबद्दल निष्कर्ष काढण्याचा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयानं एका खून खटल्यात दोषी ठरवताना मेंदूच्या चाचणीचाही आधार घेतला होता. आरोपीच्या मेंदूत गुन्ह्याचा 'अनुभव' सापडला, असा दावा. जगभर टीका झाली. मग 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येणार नाही. खुनाच्या आरोपीला जे संरक्षण आहे ते अकरावीतल्या पोराला नसावं?

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कलम 9 आहे. अठराच्या आतल्यांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई आहे. वाचून बरं वाटतं. पण 2025 च्या नियमांत शैक्षणिक संस्थांना शैक्षणिक कामापुरती सूट दिली आहे. कोचिंग क्लास त्या सुटीत बसतो की नाही, यावर आम्हा वकिलांची दहा वर्षं आरामात जातील. चिलीनं 2021 मध्ये मेंदूच्या माहितीचं संरक्षण थेट राज्यघटनेत घातलं, आणि 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं डोक्याचे ईईजी पट्टे विकणाऱ्या इमोटिव्ह या कंपनीला एका माजी खासदाराचा मेंदूचा डेटा पुसायला लावला. आपल्याकडे पट्टा आधी येईल आणि कायदा मागून धावेल.

मानेवाड्याची_आई

वकीलसाहेब, खुनाच्या आरोपीशी माझ्या मुलाची तुलना करू नका. मी त्याची आई आहे, पोलीस नाही. संमती मीच देणार ना? दिली.

तर्री_जास्त

काकू, त्याला विचारलं काय?

गोधनीहून

मी सहसा वाचतो, लिहीत नाही. सोल्डरिंगवाल्यांचं 'दंडापासून सुरू करा' वाचून राहवलं नाही.

माझ्या मोठ्या भावाला मोटर न्यूरॉनचा आजार आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशीच मरतात. आधी हात गेले, मग पाय, मग बोलणं. बुद्धी शाबूत. आता वहिनी अक्षरांचा तक्ता धरते, ओळीवर बोट फिरवते, तो पापणी मिटतो. 'पाणी' म्हणायला मिनिट जातं. परवा त्यानं 'पंखा कमी' एवढं सांगेपर्यंत घामाघूम झालो दोघं.

त्याच्या दंडावर तुम्ही काय बांधणार? तिथे सिग्नलच नाही. ज्याचा हात गेला त्याचं दुःख मोठं आहे, पण त्याच्याकडे दुसरा हात असतो, तोंड असतं. माझ्या भावाकडे फक्त डोकं आहे. स्टॅनफर्डच्या लोकांनी 2021 मध्ये लुळ्या पडलेल्या माणसाकडून नुसत्या मनातल्या लिखाणावरून मिनिटाला 90 अक्षरं लिहून घेतली. 2023 मध्ये बोलणं गेलेल्या बाईंचे मिनिटाला 62 शब्द. तेव्हा नाद सोडा म्हणण्याआधी विचार करा.

सोल्डरिंगवाला

दादा, तुमच्यापुढे वाद घालायला जीभ उचलत नाही, पण मुद्दा सांगतो. स्टॅनफर्डचे ते इलेक्ट्रोड कवटी उघडून मेंदूत बसवलेले होते. त्याचा आणि टेक फेस्टच्या पट्ट्याचा संबंध नाही, आणि नेमका तोच संबंध दाखवून पट्टा विकला जातो. ऑपरेशनवालं काम दोन खोल्यांच्या स्टार्टअपचं नव्हे. मेंदूत तारा बसवणाऱ्या न्यूरालिंकच्या पहिल्याच पेशंटच्या मेंदूतून 2024 मध्ये काही आठवड्यांत अनेक तारा मागे सरकल्या, आणि त्यांच्याकडे मस्कचा पैसा आहे. सेकंड साइट कंपनीनं अंध लोकांच्या डोळ्यात आर्गस 2 नावाचं यंत्र बसवलं, जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांना. मग धंदा बसेना म्हणून ते यंत्रच सोडून दिलं. लोकांच्या डोळ्यात यंत्र तसंच, दुरुस्ती करायला कोणी नाही. आपली पोरं दोन वर्षांत नोकरी लागली की बंगळुरूला जातात. त्यांच्या भरवशावर कुणाच्या डोक्यात काही बसवायचं?

गोधनीहून

डोक्यात बसवा कोण म्हणतंय? फॅरवेल आणि डोंचिन या संशोधकांनी 1988 मध्येच दाखवलंय. पडद्यावर अक्षरांच्या ओळी चमकत राहतात, हवं ते अक्षर चमकलं की साधारण 300 मिलिसेकंदांनी मेंदूत एक उंचवटा येतो, तो बाहेरून टिपता येतो. संथ आहे. दहा वेळा चमकवून सरासरी काढावी लागते. पण आमच्या घरी घाई कुणाला आहे? पापणीचा तक्ता आज चालतो, उद्या पापणीही थकेल. मला मराठी अक्षरांचा, काना-मात्रा-वेलांटीसकट चालणारा तसा बोर्ड पाहिजे. तो बंगळुरूवाला बनवणार नाही, अमेरिकेवाला तर नाहीच.

सोल्डरिंगवाला

हे काम मात्र आपलं आहे. बसलेला पेशंट, घरातली खोली, एकच काम, घाई नाही. हार्डवेअर महागही नाही. असे सिग्नल टिपणारी अपसाइड डाउन लॅब्सची छोटी पट्टी, बायोअ‍ॅम्प ईएक्सजी पिल, आपल्याच देशात बनते, स्वस्तात प्रयोग सुरू होतात. पेशंटसाठी कपाळ चालेल. क्लासमधल्या पोरासाठी नाही, तिथे मी हटत नाही.

फंडिंग_फुटाळा

म्हणजे शेवटी गिऱ्हाईक कोण? एक गोधनीचा भाऊ आणि चार शेतमजूर. छान. कंपनी नाही, धर्मादाय संस्था काढा मग.

सॉकेट_काका

फंडिंगवाले भाऊ, 1968 पासून जयपूर फूट चालून राहिला, तो काही धंदा म्हणून नाही टिकला. उकिडवं बसता येतं, चिखलात चालता येतं, अनवाणी चालता येतं, म्हणून टिकला. मी कृत्रिम हातपाय बसवायचं काम करतो, बरीच वर्षं. माझं ऐका थोडं.

तुम्ही सगळे सिग्नलवर भांडून राहिले. दंडाचा की डोक्याचा. माझ्याकडे येणाऱ्या माणसाची तक्रार सिग्नलची नसतेच. तक्रार सॉकेटची असते, म्हणजे उरलेला हात ज्या वाटीत बसतो तिची. एप्रिलपासून आत घाम साचतो, कातडी सोलवटते, इलेक्ट्रोड घसरतो, मूठ आपोआप उघडते. चहाचा कप एकदा मांडीवर सांडला की माणूस तो हात कपाटात ठेवतो आणि पुन्हा काढत नाही. हजारोंचा हात, वर लुगड्याची घडी. त्यातले कितीतरी जण साध्या हुकवर परत येतात, कारण हुकला चार्जिंग लागत नाही आणि तो धुता येतो.

सोल्डरिंगवाले पोरा, तुझं मन चांगलं आहे. पण तुझ्या यादीत मोटर आहे, इलेक्ट्रोड आहे, कोड आहे, वाटी नाही. हवा खेळती राहील अशी, उसाच्या फडात, तूर कापताना टिकेल अशी वाटी बनव आधी. ती बनली तर त्यात कोणाचाही सिग्नल घाल. आणि डेमो दाखवायचा तर डिसेंबरात दाखवू नको. मे महिन्यात, दुपारी दोनला, पंख्याशिवाय दाखव.

फंडिंग_फुटाळा

काका, मे महिन्यात इन्व्हेस्टर नागपूरला येतच नाही.