मदत हवी आहे: माणसाबरोबर सरकणारा प्रकाश, सेन्सर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

आमच्या मंडळाने यंदा मूर्तीकडे नेणाऱ्या कापडी बोगद्यात प्रकाशाचा देखावा करायचं ठरवलंय. लांबी १२ मीटर, रुंदी दीड मीटर, दोन्ही बाजूंना पांढरं कापड. माणूस चालेल तसा त्याच्या बाजूचा उजेड पुढे सरकावा आणि मागचा हळूहळू मावळावा, एवढीच कल्पना आहे.

कापडामागे डब्ल्यूएस२८१२बी एलईडी पट्ट्या (मीटरला ६० दिवे, प्रत्येक दिवा वेगळा चालवता येतो) आणि त्या चालवायला ईएसपी३२ हा वायफाय असलेला छोटा कंट्रोलर. दोन्ही बाजू मिळून १४४० दिवे. सगळे पूर्ण पांढरे लागले तर ८६ अँपिअर खेचतील, म्हणून कमाल उजेड प्रोग्राममध्येच बांधून ठेवलाय. एकाच टोकाला पुरवठा दिला की लांबचं टोक तांबूस पडतं, त्यामुळे ५ व्होल्टची जोडणी जागोजागी देणार आहोत. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि अर्थिंग वायरमन बघतोय.

अडलंय ते सेन्सरवर. पीआयआर (शरीराच्या उष्णतेवरून हालचाल टिपणारा सेन्सर) एकदा चालू झाला की काही सेकंद तसाच राहतो; तोवर माणूस पुढे निघून जातो. २४ गिगाहर्ट्झचा एलडी२४१० रडार अंतर सांगतो, पण त्याला कापड आडवं येत नाही. बाहेरून जाणारी माणसंही तो मोजतो, आणि पंख्यानं कापड हललं तरी फसतो.

उरला व्हीएल५३एल०एक्स, म्हणजे लेझरनं अंतर मोजणारा छोटा सेन्सर. मीटरमीटरवर एक लावून समोरच्या कापडाचं अंतर मोजायचं आणि ते घटलं की माणूस आला असं धरायचं. गुडघ्याच्या उंचीवर लावला तर पावलागणिक उजेड लुकलुकतो, म्हणून कमरेच्या आसपास, ८० सेंटीमीटरवर लावायचा विचार आहे. लहान मुलंही त्यात येतात. पण हे सेन्सर कंट्रोलरशी आयटूसी या जवळच्या अंतरासाठीच्या दोन तारांच्या जोडणीवरून बोलतात आणि सगळ्यांचा पत्ता एकच असतो. सुरुवातीला एक्सशट पिननं (सेन्सर बंद-चालू करणारी पिन) एकेक सेन्सर चालू करून तो बदलता येतो, तरी १२ मीटर वायरवर आयटूसी टिकेल का? की चार-चार सेन्सरमागे एक ईएसपी३२ ठेवून वायफायनं जोडू?

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. संध्याकाळी रांग खांद्याला खांदा लावून उभी असते. तेव्हा सगळे सेन्सर झाकले जाणार, सगळा बोगदा उजळणार आणि आपण हललो म्हणून काही घडलं असं कुणालाच वाटणार नाही. रांग थांबली की उजेड मंद, सरकली की लाट, असं करता येईल. पण गच्च गर्दीत रांग सरकतेय हे एवढ्या सेन्सरवरून ओळखायचं कसं? झपझप उघडझाप मला नको आहे. फिट येणाऱ्यांना त्याचा त्रास होऊ शकतो.

गर्दीच्या जागी असं काम कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. सेन्सर याच आठवड्यात मागवायचे आहेत.