विषय: अमेरिकेत राहून फ्रेंच खाणं, फ्रेंच वातावरण – कुठे सापडेल?

प्रेषक: ह्यूस्टन, कॅटीहून

सप्रेम नमस्कार मंडळी,

पुण्याहून इकडे येऊन आता घर लागलं, मुलांच्या शाळा मार्गी लागल्या, म्हणून आज पहिल्यांदाच लिहिते आहे. पुण्यात मी अलियाँस फ्राँसेजमध्ये फ्रेंच शिकले, पुढे काही वर्षं शिकवण्याही घेतल्या. इथे आल्यापासून जिभेवरचं फ्रेंच गंजायला लागलंय. पॅरिसची तिकिटं काढण्याइतकी रजा नवऱ्याला इतक्यात मिळणार नाही. गाडीने जाता येईल अशा अंतरावर फ्रेंच जेवण, फ्रेंच माणसं, थोडं कानावर पडणारं फ्रेंच असं काही मिळेल का? महागड्या हॉटेलात एकदा जेवून येण्यापलीकडचं काही हवंय. अनुभवी लोकांनी जरूर सांगावं.

प्रेषक: न्यू जर्सी

मंडळात मनापासून स्वागत!

माझं मत विचाराल तर एकदा वेळ काढून न्यूयॉर्कला या. मॅनहॅटनमध्ये अलियाँसचं मोठं केंद्र आहे. वर्ग, सिनेमे, व्याख्यानं, सगळं चालू असतं. चांगल्या बुलांजरीत, म्हणजे फ्रेंच बेकरीत, सकाळी लवकर गेलात तर ‘बागेत’ हा लांब फ्रेंच पाव हातात गरम मिळतो, आणि त्याचं टोक रस्त्यातच मोडून खाण्यात जी मजा आहे ती घरी आणून कापण्यात नाही. बागेत बनवण्याच्या कलेला २०२२ मध्ये युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतलं, ते योग्यच झालं. पीठ, पाणी, मीठ, यीस्ट एवढंच साहित्य. बाकी सगळं हाताचं आणि वेळेचं काम.

चीजच्या बाबतीत मात्र एक माहीत असू द्या. कच्च्या दुधाचं चीज अमेरिकेत विकायचं तर ते किमान ६० दिवस मुरलेलं असावं लागतं. त्यामुळे नॉर्मंडीचं अस्सल कामांबेर, जे कच्च्या दुधाचं आणि ताजेपणीच खायचं, ते इथल्या दुकानात येऊच शकत नाही. त्या नावाने मिळतं ते पाश्चराइज्ड दुधाचं. काँते आणि रोकफोर यांना हा नियम आड येत नाही, कारण ती मुळातच महिनोन्महिने मुरवतात. तेव्हा इथे चीज घ्यायचं तर या दोघांपासून सुरुवात करा. काँते फ्रीजमधून तासभर आधी काढून ठेवायचं, मग त्याचा खरा वास सुटतो.

लुइझियानाचं नाव कुणीतरी सुचवेलच. तिथलं जेवण मला आवडतं, पण ते फ्रेंच म्हणावं का, याबद्दल मला शंका आहे.

प्रेषक: लाफायेट, लुइझियाना

नमस्कार,

न्यू जर्सीच्या ताईंची शंका पुष्कळांना असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी इथे तेलाच्या कंपनीतल्या नोकरीसाठी आलो आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिलो, ते या लोकांमुळे.

ह्यूस्टनहून आय-टेन महामार्गाने पूर्वेला निघालात की साधारण साडेतीन तासांत लाफायेट. इथली फ्रेंच माणसं पॅरिसहून आलेली नाहीत. त्यांचे पूर्वज आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया भागात, म्हणजे तेव्हाच्या अकाडीत शेती करत होते. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना घरादारांतून हुसकून जहाजांवर चढवलं, कुटुंबं फुटली, वस्त्या जाळल्या. वणवण करत त्यांतले काही १७६० च्या दशकात इथल्या दलदलीत पोचले. हेच केजन लोक. न्यू ऑर्लीन्स त्याआधी, १७१८ मध्ये वसलेलं. तिथल्या, वसाहतीच्या काळापासूनच्या शहरी क्रिओल लोकांचा थाट वेगळा, स्वयंपाकही वेगळा. आणि दोन्हींकडच्या जेवणात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचा हात आहे, हे विसरून चालणार नाही. गंबो या इथल्या दाट रश्शातली भेंडी त्यांच्याबरोबर आली. गंबो घट्ट करायला घालतात ती सॅसाफ्रास झाडाच्या पानांची पूड, फिले, इथल्या मूळनिवासी चोक्टॉ लोकांची. असं सगळं एका पातेल्यात पडलं, तरी पायाला रू, म्हणजे तेला-तुपात भाजलेला मैदा, आहे, आणि तो फ्रान्सचा.

रू कसा करतात ते एकदा शेजारच्या आजींकडे उभं राहून पाहिलं. जाड बुडाचं बिडाचं भांडं, तेल आणि मैदा सारखाच, आच मंद आणि हातात सपाट लाकडी उलथनं. आपण लाडवासाठी बेसन भाजतो तसंच, हात थांबला की संपलं. फ्रान्समध्ये रू सहसा पांढरा, सोनेरी किंवा फार तर तपकिरी ठेवतात. इथे तो पुढे नेत नेत चॉकलेटी रंगावर आणतात. अर्धा-पाऊण तास जातो. आजी घड्याळ बघत नव्हत्या, वासावर होत्या. काळे ठिपके दिसले तर सगळं टाकून पहिल्यापासून सुरू करायचं, करपलेला रू वाचवता येत नाही. रंग आला की लगेच बारीक चिरलेला कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची त्यात पडते, चर्र आवाज होतो आणि भाजणं तिथेच थांबतं. फ्रान्समध्ये या तिघांत गाजर असतं, इथे त्याच्या जागी ढोबळी मिरची आली. भातावर गंबो वाढतात, आणि आमच्या भागात त्यात बटाट्याच्या सॅलडचा गोळाही घालतात. ऐकायला विचित्र वाटेल, पण खाऊन पाहा.

आता भाषेचं. १९२१ च्या राज्यघटनेने इथल्या शाळांत फक्त इंग्रजी ठेवली. घरी फ्रेंचच बोलणारी लहान मुलं शाळेत तोंडून फ्रेंच शब्द निघाला म्हणून शिक्षा भोगायची, ‘मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही’ असं शेकडो वेळा लिहायची. ती मुलं मोठी झाली आणि आपल्या लेकरांशी त्यांनी फ्रेंच बोलणंच सोडून दिलं, आपल्यासारखा मार त्यांना नको म्हणून. १९६८ मध्ये राज्याने फ्रेंचच्या संवर्धनासाठी कोडोफिल ही संस्था काढली, तोवर एक पिढी गेली होती. आज इथे सगळे विषय फ्रेंचमधून शिकवणारे शाळांतले वर्ग आहेत. नातवंडं फ्रेंच बोलतात, आजोबा बोलतात, मधल्या आईबापांना नुसतं कळतं. आपल्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत मुलांना बसवताना मला दर वेळी हे आठवतं. ताई, ज्या जेवणामागे एवढं सोसणं आहे ते फ्रेंच नाही असं मला तरी म्हणवणार नाही.

कॅटीच्या ताईंना सांगायचं ते हे: हॉटेलं नंतर बघा, आधी माणसं गाठा. लाफायेटच्या आसपास, आर्नोव्हिलसारख्या गावांत फ्रेंच गप्पांची टेबलं भरतात. कॉफी घेऊन बसायचं आणि बोलायचं. तुमचं पुण्यातलं फ्रेंच त्यांना नीट कळेल. त्यांचं तुम्हाला पहिला अर्धा तास जड जाईल.

प्रेषक: डॅलस

काका, फार छान माहिती. पण आमच्यासारख्या शुद्ध शाकाहारी लोकांनी तिथे येऊन खायचं काय? सगळीकडे कोळंबी, सॉसेज आणि क्रॉफिश (गोड्या पाण्यातले झिंगे)!

प्रेषक: न्यू ऑर्लीन्स

डॅलसच्या वहिनींचा प्रश्न रास्त आहे, त्याला मी उत्तर देते. आमच्या घरी माझ्या सासूबाई येऊन राहतात आणि त्या अंडंही खात नाहीत.

इथे ‘भाजी’ म्हणून जे येतं त्यात पुष्कळदा डुकराचं मांस चवीला टाकलेलं असतं. सोमवारी घरोघरी शिजणारा राजमा-भातही त्याला अपवाद नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी स्पष्ट विचारायचं. ‘व्हेजिटेरियन आहे का’ एवढ्यावर थांबायचं नाही. ‘सूप-स्टॉक कशाचा, सॉसेज-हॅम पडलंय का’ असं विचारायचं. पुष्कळ फ्रेंच चीजमध्येही रेनेट, म्हणजे दूध साकळवायला जनावराच्या जठरातून काढलेला पदार्थ, असतो. पारंपरिक काँते-रोकफोर त्यातच आले. सासूबाईंसाठी मी लेबलवर मायक्रोबियल किंवा व्हेजिटेरियन रेनेट लिहिलेलं अमेरिकन चीज आणते.

घरी मात्र हिरवा गंबो करा, गंबो झेर्ब. मूळचा तो ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतला, होली थर्सडेला, म्हणजे ईस्टरआधीच्या गुरुवारी खायचा. हॉटेलात त्यात मांस घालतात, घरी गाळलं तरी काही बिघडत नाही. मोहरीचा पाला, पालक, सलगमचा पाला, बीटचा पाला, मुळ्याचा पाला, कोबी, पातीचा कांदा. पाल्यांची संख्या विषम हवी, आणि जितके पाले तितके नवे मित्र वर्षभरात जोडले जातात असं इथले लोक मानतात. सगळे उकडून, चिरून, रूमध्ये शिजवायचे. या गंबोसाठी सगळ्यांत जास्त नावाजलेल्या त्या इथल्या डुकी चेझेस या हॉटेलच्या लीया चेस. २०१९ मध्ये त्या गेल्या. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसून जेवणं कायद्यात बसत नव्हतं त्या काळात त्यांच्या माडीवर नागरी हक्कांच्या चळवळीतली दोन्हीकडची माणसं एकत्र जेवत आणि बैठका घेत.

नाश्त्याला कॅफे द्यू माँद. १८६२ पासूनचं. पिठीसाखरेच्या ढिगाखाली गरम बेन्ये (मैद्याचे तळलेले चौकोन) आणि चिकोरी घातलेली दुधाची कॉफी. अमेरिकेच्या यादवी युद्धात बंदराची नाकेबंदी झाली, कॉफी मिळेना, तेव्हा इथल्या लोकांनी चिकोरीवर जास्तच भर दिला, आणि पुढे तीच चव आवडू लागली. मद्रासी कॉफी पिणाऱ्यांना ती पहिल्या घोटात ओळखीची वाटेल. काळे कपडे घालून जाऊ नका, आणि बेन्ये तोंडाजवळ नेताना श्वास सोडू नका.

६ जानेवारीपासून मार्दी ग्रापर्यंत, म्हणजे कार्निव्हलच्या शेवटच्या दिवसापर्यंत, गावभर किंग केक असतो, जांभळा-हिरवा-सोनेरी. ज्याच्या तुकड्यात छोटी बाहुली निघेल त्याने पुढचा केक आणायचा. गोव्याच्या मंडळींना हे दिवस कळले असतील: पणजीचा कार्निव्हलही याच दिवसांत, चाळीस दिवसांचा उपास सुरू होण्याआधीचा.

प्रेषक: अटलांटा

न्यू ऑर्लीन्सला जाणार असाल तर एस्प्लनेड ॲव्हेन्यूवरचं देगाचं घर नक्की पाहा. नर्तकींची चित्रं काढणारा तोच एदगार देगा. त्याची आई मूळची न्यू ऑर्लीन्सची. १८७२ च्या शेवटाला तो तिथे नातेवाइकांकडे येऊन काही महिने राहिला. मामाच्या कापसाच्या पेढीचं चित्र त्याने १८७३ मध्ये काढलं: टेबलावर पांढऱ्या कापसाचा ढीग, पुढे मामा बोटांनी धागा ताणून बघतोय, भाऊ निवांत पेपर वाचतोय. त्याच वर्षी ती पेढी बुडाली. मूळ चित्र फ्रान्समध्ये पो या गावच्या संग्रहालयात आहे.

माझं माहेर अकोल्याचं, आजोबांचा कापसाचा व्यापार. त्यामुळे त्या चित्राची छापील प्रत पाहिली की मला बोटांत धागा ताणणारे आजोबाच दिसतात. ज्या नाकेबंदीने न्यू ऑर्लीन्सची कॉफी तोडली, तिनेच १८६१ नंतर इथला कापूसही इंग्लंडला जायचा थांबवला. तिकडच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि मुंबईचा शेअरबाजार कोसळला. त्या घरात उभं राहून हे मनात आलं, तेव्हा ते शहर मला एकदम जवळचं वाटलं.

प्रेषक: न्यू जर्सी

काकांनी शाळेतल्या मुलांचं लिहिलं ते वाचून मी माझं मत बदललं आहे. एप्रिलमध्ये यायचं म्हणते.

प्रेषक: लाफायेट, लुइझियाना

जरूर या! एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात इथे फेस्तिव्हाल अँतेरनास्योनाल असतो, १९८७ पासून. तिकीट नाही, गावातल्या रस्त्यांवरच रंगमंच. फ्रेंच बोलणाऱ्या देशा-प्रांतांतले, सेनेगल-क्वेबेक-हैतीचे कलाकार येतात. मुलांना घेऊन यायला हेच दिवस उत्तम. क्रॉफिशचाही हंगाम तेव्हा भरात असतो. मुलांना व्हर्मिलियनव्हिलही दाखवा: जुनी केजन घरं, चरखा, लोहाराची भट्टी, व्हायोलिन-अकॉर्डियन वाजवणारी माणसं.

मोठ्यांसाठी शनिवारची सकाळ मामू गावची. फ्रेड्स लाउंज नावाचं छोटं मद्यगृह शनिवारी सकाळीच उघडतं, तिथून केजन संगीत रेडिओवर थेट जातं आणि निवेदन फ्रेंचमधून होतं. ऐंशीच्या आसपासची जोडपी सकाळी नऊ वाजता वॉल्ट्झ करत असतात. लाफायेटहून तासाभराचा रस्ता, सात वाजता निघू.

हॉटेलं त्या आठवड्यात लवकर भरतात, तेव्हा फेब्रुवारीतच बुकिंग करा. आमच्याकडे दोन कुटुंबांची सोय होईल. कॅटी आणि डॅलसवाल्यांनी मुलांची वयं आणि कोण शाकाहारी ते मला वेगळ्या मेलवर कळवा. हिरव्या गंबोसाठी मुळ्याचा पाला इथे सहज मिळत नाही, तो ह्यूस्टनच्या भारतीय दुकानातून येताना घेऊन या.