मदत हवी आहे: विद्यार्थी-पालकांचा गट दोन महिन्यांत थंड पडला, काय चुकलं?

अर्धवट_प्रबंध

नमस्कार. पीएचडीचं चौथं वर्ष, लेक सव्वा वर्षाची. तक्रार नाही, सल्ला हवाय.

मागच्या सत्रात ग्रंथालयाच्या जिन्यात एक मुलगी भेटली. पाठीला लॅपटॉप, पोटाशी बाळ. एकाच इमारतीत तीन वर्षं काढूनही आम्हाला एकमेकींचा पत्ता नव्हता, कारण दोघीही बाळाची गोष्ट विभागात शक्यतो काढत नव्हतो. तिथल्या तिथे ठरवलं की आपल्यासारख्यांचा गट करायचा.

पोस्टर लावलं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, तेवीस जण जमले. पहिल्या भेटीला अकरा आले. दोघी तर बोलता बोलता रडल्या, इतकं साठलं होतं. दुसऱ्या भेटीला पाच. तिसरीला मी आणि ती जिन्यातली. आता ग्रुपवर फक्त 'बाबागाडी विकणे आहे' आणि सुप्रभात.

विद्यापीठात समुपदेशक आहेत, चांगले आहेत. पण मला उपचार नकोयत. रात्रभर ताप उतरवत बसल्यावर सकाळी सेमिनार देणं म्हणजे काय, हे न सांगता कळणारं माणूस हवंय. लोकांना याची गरज आहे हे पहिल्या भेटीत दिसलं, मग ते आले का नाहीत? असा गट कुणी टिकवलाय का?

तळटीप

आधी एक सांग, भेट किती वाजता असायची?

अर्धवट_प्रबंध

शुक्रवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा. त्या वेळेला खोली मोकळी मिळते.

तळटीप

अगं, पाच वाजता पाळणाघर सुटतं! खोली मोकळी असते, पण आईबाप असतात का?

गंमत सोड, पण मूळ दुखणं इथेच आहे. ज्यांच्याकडे वेळच नाही त्यांच्याकडून तू आठवड्याला दीड तास मागतेयस. पहिल्यांदा लोक साठलेलं मोकळं करायला येतात. दुसऱ्यांदा मनात हिशोब सुरू होतो, की या दीड तासात प्रकरणाची दोन पानं झाली असती. मग ती पानंही होत नाहीत, पण भेटीला न जाण्याचं कारण तर मिळतं.

आमचाही गट असाच मेला होता. पुन्हा उभा राहिला तो 'शांत बैठक' म्हणून. आठवड्यातून दोन तास सकाळी, मुलं पाळणाघरात असताना. सुरुवातीला प्रत्येकाने एका वाक्यात सांगायचं, आज काय लिहिणार. मग फोन बॅगेत आणि गप्प बसून काम. बोलणं काय ते शेवटच्या दहा मिनिटांत, वायर गुंडाळताना. खरं सांगू? भेटीच्या दीड तासात जे कुणी बोललं नाही, ते या दहा मिनिटांत निघायचं. गाईडची धास्ती, दूध सोडवणं, नवऱ्याशी भांडण, सगळं. हात कामात असले की माणूस बोलतो.

ज्यांना सकाळ जमत नाही त्यांच्यासाठी रात्री साडेनऊला ऑनलाइन बैठक, कॅमेरे बंद. निम्मे जण मुलाला झोपवता झोपवता स्वतःच झोपलेले असतात. कुणी काही म्हणत नाही.

मांडीवर_लॅपटॉप

मी बाप आहे, पोस्टडॉक (पीएचडीनंतर ठरावीक काळासाठी नेमलेला संशोधक). एक विचारतो, राग मानू नका. पोस्टरवर काय लिहिलं होतं?

अर्धवट_प्रबंध

'संशोधक मातांसाठी'... कळलं.

मांडीवर_लॅपटॉप

आमच्याकडेही असंच पोस्टर होतं. मुलाला कडेवर घेऊन मी ते वाचलं आणि पुढे निघालो. आत जाऊन 'मीही आहे' म्हणायला धीर लागतो, आणि त्या दिवसांत तो अंगात नसतो. अर्थात केवळ आयांची वेगळी जागाही हवी, काही गोष्टी तिथेच बोलता येतात. पण मुख्य गटाला 'पालक' म्हणा.

घड्याळ_उलटं

बापांना घ्याच, पण भाबडेपणाने नको. अमेरिकेतल्या अर्थशास्त्र विभागांवरचा एक अभ्यास 2018 साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये आला होता. मूल झालं की कायम नेमणूक मिळवण्यासाठीची मुदत आई आणि बाप दोघांनाही सारखीच वाढवून देणारा नियम केला, तर निघालं उलटंच. पुरुषांचं कायम होण्याचं प्रमाण वाढलं, बायकांचं घटलं. वाढीव काळात पुरुषांचे मोठ्या नियतकालिकांतले पेपर वाढले, बायकांचे तसे वाढले नाहीत.

मांडीवर_लॅपटॉप

मान्य. माझं वाढीव वर्ष कशात गेलं ते बायकोला विचारलंत तर ती खरं सांगेल, मी नाही.

जुनी_फाईल

भावनिक आधाराइतकंच कागदांचं बघा. आमच्या गटाचं सगळ्यात उपयोगी काम म्हणजे एक साधं दस्तऐवज: कुठली सवलत आहे, अर्ज कुणाकडे, सही कुणाची. नियम असतात, पण ते आपणहून कुणी सांगत नाही.

उदाहरणं देतो, देशोदेशी वेगळी असली तरी. भारतात यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) 2016च्या पीएचडी नियमांत महिला संशोधकांना पूर्ण कालावधीत एकदा 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजेची तरतूद आली. युरोपियन रिसर्च कौन्सिल ही युरोपीय संघाची संशोधनाला पैसे देणारी संस्था, तिच्या काही अनुदानांत पीएचडीनंतर किती वर्षांत अर्ज करायचा याला मर्यादा असते, पण आईला दर मुलामागे 18 महिने वाढवून मिळतात. आणि जर्मनीतल्या ख्रिस्तियाने न्युसलाइन-फोलहार्ड यांनी (1995चं नोबेल, फळमाशीच्या भ्रूणांवरचं काम) 2004 साली जी संस्था काढली, ती संशोधक आयांना घरकाम आणि मुलं सांभाळायला माणूस ठेवण्यासाठी पैसे देते. प्रयोगशाळेसाठी नाही, घरासाठी! आयांना कमी काय पडतं, हे त्या बाईंना बरोबर कळलं होतं.

तुमच्या विद्यापीठापुरतं असं एक पान करा. आदल्या वर्षी अर्ज केलेल्याने त्याची नक्कल, नाव खोडून, पुढच्याला द्यायची. आमच्याकडे लोक पानासाठी आले आणि गटात राहिले.

दुपारची_झोप

सगळे वेळेबद्दल बोलताहेत, मला वेगळीच शंका येतेय. ग्रुपमध्ये कोण कोण आहे? सगळे विद्यार्थीच?

अर्धवट_प्रबंध

हो. म्हणजे एक मॅडम आहेत, आमच्याच विभागातल्या. खूप आधार देतात, त्यांनी स्वतः दोन मुलं वाढवत पीएचडी केलीय. पहिल्या भेटीनंतर मीच त्यांना घेतलं.

दुपारची_झोप

पहिल्या भेटीनंतर. आणि दुसऱ्या भेटीला पाच.

त्या कितीही प्रेमळ असोत, उद्या कुणाच्या तरी प्रगती-समितीवर बसणार. 'या महिन्यात एक ओळही झाली नाही' हे त्यांच्यासमोर कोण लिहील? मी तरी नाही. फेलोशिपच्या मुदतवाढीचा अर्ज ज्यांच्या टेबलावरून जातो, त्यांच्यापुढे आपण सगळे 'छान चाललंय'वालेच.

तळटीप

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. वेळ बदलूनही हे राहिलं असतं.

अर्धवट_प्रबंध

काल रात्री ग्रुप मागे मागे वाचत गेले. मॅडम आल्या त्या दिवसानंतर कुणी स्वतःबद्दल एकही ओळ लिहिलेली नाही. बाबागाड्या तिथूनच सुरू होतात.

आज त्यांच्याकडे गेले होते. काय बोलायचं याची उजळणी करून गेले आणि तिथे त-त-प-प झालं. त्यांनी मध्येच थांबवलं आणि म्हणाल्या, "मी बाहेर पडू का, हेच विचारायला आलीस ना?" वाईट वाटलं असणार, पण दाखवलं नाही. वर सवलतींचं पान करायला कुठली परिपत्रकं लागतील ती काढून देते म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी दहाला पहिली शांत बैठक. नवीन पोस्टरवर 'पालक संशोधक' लिहिलंय. आतापर्यंत चार जण येतो म्हणालेत, त्यात एक बाप. जिन्यातलीला जमेल का माहीत नाही, तिच्या बाळाला परत ताप आलाय.

@तळटीप, सुरुवातीचं ते एक वाक्य प्रत्येकाने मोठ्याने सांगायचं, की कागदावर लिहिलं तरी चालतं?

तळटीप

कागदावर चालेल. पहिले दोन आठवडे तर कागदच बरा.