जुन्या अल्टोत सेंट्रल लॉक आणि अलार्म घरीच बसवायचाय, वायरिंगच्या शंका

घाटमाथा
गाडी २०११ ची अल्टो, पेट्रोल, चारही दारांचे लॉक हातानेच. किटमध्ये युनिट (कंट्रोलचा डबा), दोन रिमोट, हूटर, शॉक सेन्सर (धक्का ओळखणारा), एलईडी, रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि चार गन (दाराचं लॉक ढकलणाऱ्या मोटरी) आहेत (एक पाच वायरची, तीन दोन वायरच्या). सोबतच्या कागदावर किटच्या वायरींचे रंग दिलेत, पण गाडीत त्या कुठे जोडायच्या याचा पत्ता नाही. दार उघडल्याचा सिग्नल कुठून घ्यायचा? इंजिन-कट (अलार्म लावल्यावर गाडी सुरू होऊ न देणारा रिले) कुठे टाकायचा? दारात वायर कशी न्यायची? मल्टिमीटर आणि सोल्डरिंग गन घरात आहे.

बारा_व्होल्ट
गाडीच्या वायरीच्या रंगावर भरवसा ठेवू नका, प्रत्येक वायर मोजूनच घ्या. मोजताना बॅटरी लागलेली, तोडजोड करताना निगेटिव्ह काढलेली.

मेन सप्लाय इग्निशन स्विचच्या जाड वायरवरून घ्या. चावी काढल्यावरही जिथे १२ व्होल्ट दिसतात ती. स्टिरिओच्या वायरवरून घेऊ नका, कारण इंडिकेटर युनिटमधूनच पेटणार. एका बाजूला २१ वॉटचे दोन आणि ५ वॉटचा एक बल्ब धरला तर ४७ वॉट, म्हणजे दोन्ही बाजू मिळून जवळजवळ ८ अँपियर. १५ अँपियरचा फ्यूज जोडाच्या अगदी जवळ, युनिटपाशी नाही.

अर्थ डॅशखाली बॉडीच्या पत्र्यात घुसणाऱ्या बोल्टवर, रंग खरवडून, रिंग टर्मिनल लावून. प्लास्टिकच्या ब्रॅकेटच्या स्क्रूवर अर्थ दिला की रिमोट मधूनच चालतो, मधूनच नाही, आणि दोष बिचाऱ्या युनिटला मिळतो.

दाराचा सिग्नल रूफ लॅम्पला जाणाऱ्या पिन स्विचच्या (दाराच्या चौकटीतलं, दार बंद झाल्यावर दाबलं जाणारं बटण) वायरवरून. मारुतीत तो निगेटिव्ह असतो: लॅम्पचा खटका मधल्या जागी ठेवा, दार बंद असताना १२ व्होल्ट, उघडल्यावर शून्य. बंद दारातही शून्यच आलं तर आधी बल्ब गेलाय का बघा, कारण ते १२ व्होल्ट बल्बमधूनच येतात. मागच्या दारांना पिन स्विच आहेत का तेही तपासा; बेस मॉडेलला बरेचदा नसतात. नसतील तर वेगळे बसवा, नाहीतर मागचं दार उघडलेलं युनिटला कळणारच नाही.

इंडिकेटरच्या दोन वायरी डावी-उजवी वेगळ्याच ठेवा. एकत्र पिळल्या तर वळताना दोन्हीकडचे दिवे लागतील.

पाना_पक्कड
दारांचं मी सांगतो. वेळ खाणारं काम हेच आहे.

वायर पिलर (दाराच्या चौकटीचा खांब) आणि दार यांच्या मधल्या रबरी नळीतूनच न्या. नळीची दोन्ही टोकं सोडवून आधी कडक तार आरपार घाला, तिला वायर टेपने बांधून ओढा. नळी सोडून बिजागराजवळून नेलेली वायर उघडझाप होऊन पत्र्यावर घासते आणि फ्यूज उडत राहतो.

गन बसवताना तिचा दांडा लॉकच्या सळीला समांतर हवा. तिरका बसला की मोटर आवाज करते, लॉक अर्ध्यात अडकतो. स्क्रू आवळण्याआधी गन हाताने धरून रिमोट दाबून बघा, आणि काच पूर्ण खाली घेऊन ती गनला घासत नाही याची खात्री करा. पॅनलमागचा प्लास्टिकचा कागद फाडून टाकू नका, परत चिकटवा. पावसाळ्यात दारातलं पाणी तोच आत येऊ देत नाही.

पाच वायरची गन ड्रायव्हरच्या दारात. सहसा निळी-हिरवी मोटरच्या, बाकी तीन आतल्या स्विचच्या. एकच दार उलटं चालत असेल तर त्या गनच्या मोटरच्या दोन वायरी अदलाबदल करा. सगळी दारं खटाखट लॉक-अनलॉक होत राहिली तर ड्रायव्हरच्या गनचा स्विच मोटरच्या उलट जोडलाय. तिच्या मोटरच्या दोन वायरी किंवा स्विचच्या कडेच्या दोन, यांपैकी एकच जोडी बदला.

काळी_टेप
इंजिन-कट इग्निशनवर टाका. स्टार्टरवर टाकलात तर धक्का मारून गाडी चालू होते.

बारा_व्होल्ट
होते, खरं आहे. पण इग्निशनवरचा रिले किंवा त्याचा जोड खंबाटकी घाटाच्या उतारावर सुटला तर इंजिन बंद, आणि दोन-तीन वेळा ब्रेक दाबल्यावर बूस्टरची (ब्रेक हलका करणारा भाग) मदतही संपते. स्टार्टरवरचा सुटला तर गाडी फक्त सुरू होत नाही. धक्क्याची भीती असेल तर वेगळा गिअर लॉक लावा.

जोडणी: इग्निशन स्विचमधून स्टार्टरकडे जाणारी वायर, जिच्यावर चावी स्टार्टला फिरवल्यावरच १२ व्होल्ट येतात, ती कापा. स्विचकडचं टोक रिलेच्या ३० नंबरच्या पिनवर, स्टार्टरकडचं ८७ए वर. ८६ ला चावी ऑन असताना आणि स्टार्ट करतानाही टिकणारा सप्लाय, ८५ ला युनिटची निगेटिव्ह आउटपुट, जी अलार्म लावल्यावर अर्थ होते. ८७ ही पिन मोकळीच. अशाने उभ्या गाडीत रिले बॅटरी खात नाही आणि युनिट मेलं तरी गाडी सुरू होते. हे जोड सोल्डर करून स्लीव्ह चढवा. नुसती पिळून टेप मारली तर उन्हात टेपचा चिकटा सुटतो.

हूटरचं तोंड खाली, सायलेन्सरच्या पाइपपासून लांब. वायर फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) ग्रोमेटमधूनच (भोकातलं रबरी कडं) आत घ्या, बाहेरच्या बाजूला खाली झोल ठेवा म्हणजे पाणी तिथून टपकतं, आत येत नाही.

घाटमाथा
सगळं जोडलं, दारं नीट चालतात. आता अलार्म लावला की दहा-पंधरा मिनिटांनी हूटर वाजतो. जवळ कोणी नसतं. शॉक सेन्सर डॅशखालच्या प्लास्टिकला डबल टेपने चिकटवलाय.

पाना_पक्कड
प्लास्टिक हलतं, म्हणून रस्त्यावरून ट्रक गेला तरी सेन्सर जागा होतो. स्टिअरिंगखालच्या लोखंडी पट्टीला दोन झिप टायने घट्ट बांधा. मग सेन्सरवरचा संवेदनशीलतेचा स्क्रू सर्वात कमीवर आणा आणि थोडाथोडा वाढवत न्या. पिलरवर मुठीने ठोकल्यावर वाजावा, बोनेटवर मांजर बसल्यावर नाही. दिवाळीत आणखी उतरवावा लागेल.

तरीही वाजला तर एक रात्र सेन्सरचा कपलर (वायरचा प्लग) काढून ठेवा. तेव्हाही वाजला म्हणजे दोष दाराच्या सिग्नलमध्ये: पिन स्विचचं रबर झिजलंय किंवा दार पूर्ण बसत नाही. दार बंद करून बाहेरून दाबा. रूफ लॅम्प लुकलुकला तर तेच दार.

बारा_व्होल्ट
शेवटी करंट मोजा. सगळं बंद, अलार्म लावलेला, मीटर १० अँपियरवर, निगेटिव्ह केबल आणि बॅटरी यांच्या मध्ये. मीटर तसा जोडलेला असताना स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज किंवा मीटरच जाईल. २० मिलीअँपियर म्हणजे दिवसाला ०.४८ अँपियर-तास, महिन्याला साडेचौदाच्या आसपास. ३५ अँपियर-तासाच्या बॅटरीला महिनाभर उभी गाडी जड जाते. २० मिलीअँपियरहून बरंच जास्त दिसलं तर फ्यूज एकेक काढत जा. गावाला जाणार असाल तर निगेटिव्ह काढून जा, पण काही युनिट बॅटरी परत जोडताच हूटर चालू करतात. रिमोट हातात ठेवा.