क्लास ए: गुणगुण आणि उष्णता

ब्रिटिश अभियंते जॉन लिन्स्ले हूड यांच्या १९६९ सालच्या रचनेवर बांधलेल्या आपल्या क्लास ए अ‍ॅम्प्लिफायरमधून गाणे बंद असतानाही गुणगुण येते, आणि त्यावर पॉवर सप्लायमधला ४,७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (वीज साठवून व्होल्टेज सपाट ठेवणारा भाग) दुप्पट करावा, असे या चर्चेत वर सुचवले गेले आहे. दिशा बरोबर आहे, पण तेवढ्याने भागेल असे मला वाटत नाही. क्लास एमध्ये आवाज असो वा नसो, प्रत्येक चॅनल सुमारे १.२ अँपिअर प्रवाह अखंड ओढत राहतो. दोन्ही मिळून २.४ अँपिअर झाले की १०,००० मायक्रोफॅरडवरही ढोबळमानाने दोन व्होल्टांचा रिपल, म्हणजे गुणगुण करणारा व्होल्टेजचा चढउतार, उरतो. त्यापेक्षा १०,०००चे दोन कपॅसिटर घेऊन त्यांच्यामध्ये ०.४७ ओहमचा, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर टाकावा. व्होल्टभर गमावून रिपल साधारण एकतृतीयांशावर येतो.

उष्णतेकडे मात्र चर्चेत फारसे कोणी पाहिलेले नाही. २७ व्होल्टांवर प्रत्येक चॅनल ३२ वॅट जाळतो, आणि ठाण्यातल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी मुळातच ३५ अंश असतात, त्यामुळे प्रत्येक चॅनलला ०.७ अंश प्रतिवॅटचा, म्हणजे दर वॅटमागे ०.७ अंशाने तापणारा, स्वतंत्र हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा भाग) लावूनही तो ५७ अंशांपर्यंत जातो. माझ्या पहिल्या प्रयत्नात तर हीटसिंकच्या भोकाच्या कडेला राहिलेल्या धातूच्या बारीक कचेने ३०५५ ट्रान्झिस्टरखालचा, त्याचा हीटसिंकशी विजेचा संपर्क होऊ न देणारा अभ्रकाचा वॉशरच फाडला होता. म्हणून भोकाची कड घासून घ्यावी आणि वीज देण्यापूर्वी ट्रान्झिस्टरची धातूची टोपी व हीटसिंक यांच्यात विजेचा संपर्क नाही ना, हे मल्टिमीटर लावून पाहावे.